उंदीर, माणूस आणि वहिनींची गोळी

दर आठवड्याला या पानावर आपली गाठ पडते ती बहुधा एखाद्या शब्दाच्या किंवा एखाद्या विस्मरणात गेलेल्या म्हणीच्या निमित्ताने. मी मराठीचा मास्तर. माझी धाव तेवढीच. पण दिवाळी अंकात संपादक थोडी जास्त जागा देतात आणि वाचकही थोडे जास्त सबुरीने घेतात, म्हणून यंदा कुंपणाबाहेर जाण्याचे धाडस करतो आहे. विषय आहे मेंदूवर चालणारी औषधे आणि प्राण्यांच्या अंगात उठणाऱ्या गाठी. घाबरू नका. हा विषय मी शोधायला गेलो नव्हतो; तोच आमच्या घराचा उंबरठा ओलांडून आत आला.

आमचे मूळ गाव डोंगरकडा. नांदेडहून निघून अर्धापूर मागे टाकले की पुढे कळमनुरी तालुक्यात हे गाव लागते. माझ्या लहानपणी आम्ही पत्त्यावर ‘जिल्हा परभणी’ लिहीत असू. १ मे १९९९ पासून ‘जिल्हा हिंगोली’ लिहू लागलो. केळी, हळद, ऊस आणि दसऱ्याच्या सुमाराला सोयाबीनची काढणी असा तिकडचा संसार. तिथे आमचे थोरले चुलतभाऊ आणि वहिनी राहतात. बारा वर्षांपूर्वी वहिनींच्या मनाचा तोल गेला होता. शेजारीण पाण्यात काही कालवते, भिंतीपलीकडून कोणी आपले नाव घेऊन बोलते, असे त्यांना वाटे. रात्र रात्र त्या दाराला पाठ लावून बसत. देवऋषी झाले, अंगारे झाले. शेवटी नांदेडच्या एका मनोविकारतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी रिस्पेरिडोन नावाची गोळी सुरू केली आणि काही महिन्यांत आमच्या वहिनी आम्हांला परत मिळाल्या. ज्या घरात असे माणूस परत मिळाले असेल, त्यांना या वाक्याचा अर्थ समजावून सांगायला नको.

यंदा दसऱ्याला गावी गेलो, तर ओसरीवर नेहमीचा गलबला नव्हता. भाऊ हलक्या आवाजात म्हणाले, “तीन आठवडे झाले, गोळी बंद केली तिनं.” कारण विचारले, तेव्हा पुतण्याचा मोबाइल पुढे आला. कोणीतरी कोणालातरी पाठवलेला, फिरत फिरत डोंगरकड्याला पोचलेला मजकूर : ‘डोक्याच्या गोळ्यांनी उंदरांना स्तनाचा कर्करोग झाला. शास्त्रज्ञांनी सिद्ध केले. पुढे पाठवा.’ वहिनींची आई याच रोगाने गेलेली. त्यांनी तो मजकूर वाचून घेतला आणि गोळ्यांची पाकिटे कणगीमागे टाकली.

मी समजूत घालू लागलो, तर वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही शिकलेले. खरं सांगा. उंदरं मेली का नाही?”

मला उत्तर देता आले नाही. ‘काहीतरीच काय, अफवा आहे,’ असे म्हणून मोकळे होता आले असते. पण आमची पुतणी नांदेडला औषधनिर्माणशास्त्र शिकते. तिने त्या औषधाचे बारीक अक्षरांतले माहितीपत्रक काढून माझ्यापुढे धरले. त्यात स्पष्ट छापलेले होते : लहान उंदरांना अठरा महिने आणि मोठ्या जातीच्या उंदरांना पंचवीस महिने हे औषध खाण्यातून दिले, तेव्हा माद्यांमध्ये स्तनग्रंथींच्या गाठी वाढलेल्या आढळल्या. म्हणजे मजकूर खोटा नव्हता. तो अर्धा होता. आणि अर्धे खरे हे सबंध खोट्याहून अवघड. कारण ते खोडून काढता येत नाही, पुरे करावे लागते. तेव्हा त्या अर्ध्याचा उरलेला अर्धा भाग शोधायला मी बसलो. सापडले ते असे.

ही गोष्ट थेट आपल्या मातीतल्या एका मुळाशी जाऊन पोचते. सर्पगंधा हे झुडूप आपल्या वैद्यांना पूर्वीपासून माहीत. झोप नसणे, वेड, सापाचे विष, कशाकशावर ते देत. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर त्याचा उपयोग होतो, असे लिहिले. १९४९ साली मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉक्टर रुस्तुम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या पन्नास रोग्यांना सर्पगंधा देऊन आलेले अनुभव ब्रिटनमधल्या हृदयरोगाच्या नियतकालिकात छापले, आणि साऱ्या जगाचे लक्ष या मुळाकडे गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी त्यातले प्रमुख द्रव्य वेगळे काढले. त्याचे नाव रिसर्पिन. १९५४ साली न्यूयॉर्कजवळच्या मनोरुग्णालयात डॉक्टर नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांना दिल्याचे अनुभव प्रसिद्ध केले. १९५७ साली वकील आणि क्लाइन या दोघांनाही अमेरिकेचे मानाचे लास्कर पारितोषिक मिळाले. मेंदूवर काम करणाऱ्या आधुनिक औषधांच्या पहिल्या पिढीत आपले हे मूळ बसले, ते असे.

आता उंदरांकडे वळू. पॅरिसचे आंत्वान लाकासान्य यांनी १९३२ साली एक विलक्षण गोष्ट दाखवली होती : नर उंदरांना मादीचे संप्रेरक टोचत राहिले, तर त्यांनाही स्तनाचा कर्करोग होतो. याच लाकासान्य यांनी १९५९ साली रिसर्पिन दिलेल्या उंदरांत स्तनाचा कर्करोग वाढल्याचे नोंदवले. पुढे अमेरिकेत सुमारे दोन वर्षे चाललेल्या प्रयोगांतही रिसर्पिन खाल्लेल्या मादी उंदरांना स्तनाचा कर्करोग अधिक झाला. नरांमध्ये निराळ्याच ठिकाणी गाठी आल्या.

मनाला किंवा नाडीला शांत करणारे औषध आणि स्तनातली गाठ यांचा संबंध काय? पुतणीने मला तो समजावला आणि मी तो वहिनींना त्यांच्या भाषेत सांगितला. आमच्या भागात इसापूर धरणाचे पाणी कालव्याने येते. कालव्याच्या दारावर पाटकरी असतो; तो दार धरून असतो म्हणून पाणी बेताने येते. मेंदूच्या तळाशी पीयूषिका नावाची एक वाटाण्याएवढी ग्रंथी आहे. प्रोलॅक्टिन नावाचे, आईच्या अंगावर दूध आणणारे संप्रेरक ती सोडते. त्या दारावरचा पाटकरी म्हणजे डोपामिन हे मेंदूतले द्रव्य. रिसर्पिन या पाटकऱ्याची कोठीच रिकामी करते. वहिनींच्या गोळीसारखी औषधे त्याला हाकलत नाहीत, पण त्याची हाक दारापर्यंत पोचू देत नाहीत. दोन्हींचा परिणाम एकच : दार सैल होते, प्रोलॅक्टिन वाढते. उंदराच्या मादीची स्तनग्रंथी या संप्रेरकाच्या तालावर फार नाचते. महिनोन्महिने ते वाहत राहिले, की पेशी वाढत राहतात आणि कुठेतरी वाढीचा तोल सुटतो.

या उंदरांचा अभ्यास आपल्याकडेही मोठ्या जिद्दीने झाला. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले आणि १९५२ साली परळला भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले. डॉक्टर वसंतराव खानोलकर हे त्याचे आधारस्तंभ. त्यांच्या हाताखाली डॉक्टरेट मिळवलेल्या डॉक्टर कमल रणदिवे या पुण्याच्या, हुजूरपागेच्या विद्यार्थिनी. त्यांनी आयुष्याची कित्येक वर्षे उंदरांच्या स्तनकर्करोगावर घालवली. रोगाला अनुवंश किती कारण, संप्रेरके किती, आणि आईच्या दुधातून पिलांत जाणारा विषाणू किती, हे त्यांनी तपासले. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. या साऱ्या अभ्यासातून एक गोष्ट उघड होते. प्रयोगातला उंदीर हा ‘कोणताही एक उंदीर’ नसतो. काही वाण अशी जोपासलेली असतात, की औषध न देताही त्यांच्या माद्यांना हा रोग मोठ्या प्रमाणात होतो. कारण दुधातला विषाणू आणि घराण्याचा दोष आधीच दबा धरून असतो. भरलेल्या विहिरीत एक घागर ओतली तरी पाणी काठावरून वाहते.

पण माणसाचे काय? हा प्रश्न १९७४ साली फार तीव्रतेने पुढे आला. त्या वर्षी ‘लान्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात अमेरिका, ब्रिटन आणि फिनलंड येथले तीन अभ्यास एकदम छापून आले. तिन्हींचे म्हणणे एकच : रक्तदाबासाठी रिसर्पिन घेणाऱ्या बायकांत स्तनाचा कर्करोग अधिक दिसतो. उंदरांचे प्रयोग आधी झालेलेच होते. मग काय विचारता! कोट्यवधी लोक घेत असलेल्या औषधाभोवती भीतीचे सावट पसरले.

पुढच्या वर्षांत अनेक ठिकाणी हीच तपासणी पुन्हा झाली, आणि बहुतेकांना तो संबंध सापडला नाही. तिघांचीही चूक एकदम कशी झाली असेल? त्याचा एक महत्त्वाचा धागा १९८५ साली येल विद्यापीठाच्या हॉर्विट्झ आणि फाइनस्टाइन यांनी उलगडून दाखवला. कर्करोग झालेल्या बायकांची तुलना ज्या निरोगी किंवा इतर रोग झालेल्या बायकांशी करायची, त्यांतून रक्तदाब वगैरे विकार असलेल्या बायका आधीच वगळल्या गेल्या होत्या. ज्यांना रिसर्पिन दिले जाते त्यांनाच बाहेर काढले, तर उरलेल्यांत रिसर्पिन कमी दिसणारच! डोंगरकड्यातले पडसे झालेले लोक एका बाजूला बसवावेत, दुसऱ्या बाजूला पडसे न झालेल्यांतून केळीवाले शेतकरी निवडून उठवावेत, आणि मग म्हणावे, ‘पाहा, पडसे झालेल्यांत केळी खाणारे जास्त, तेव्हा केळ्यानेच पडसे होते,’ तसला हा प्रकार. हेतू वाईट नव्हता. चाळणीची भोके चुकली होती.

इथवर आल्यावर मला मोठे हायसे वाटले. वहिनींना जाऊन सांगावे, ‘सगळे खोटे होते, घ्या गोळी,’ असे मनात आले. पण पुतणी मास्तरांची मास्तर निघाली. ती म्हणाली, “काका, रिसर्पिनचा निकाल तो याही गोळीचा निकाल, असं कसं म्हणता?” आणि तिने पुढचे कागद काढले.

एरवी अशा वेळी लोक म्हणतात, ‘उंदरांना डोंगराएवढी मात्रा देतात, आपण राईएवढी घेतो.’ हा दिलासा दर वेळी खरा नसतो. वहिनींच्या औषधाच्या प्रयोगांत काही गाठी अगदी कमी मात्रेवरही आढळल्या होत्या. शिवाय २०२१ साली फिनलंडमधून एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. स्किझोफ्रेनिया असलेल्या स्त्रियांच्या नोंदी त्यात तपासल्या होत्या. प्रोलॅक्टिन वाढवणारी औषधे पाच वर्षे किंवा अधिक घेतलेल्यांत स्तनाच्या कर्करोगाची शक्यता, ती औषधे वर्षभराहून कमी घेतलेल्यांच्या मानाने सुमारे दीडपट दिसली. प्रोलॅक्टिन न वाढवणाऱ्या औषधांच्या बाबतीत तशी ठाम वाढ दिसली नाही. असल्या नोंदींच्या अभ्यासाने कारण सिद्ध होत नाही. १९७४ ची गोष्ट आपण आताच पाहिली. पण पाटकऱ्याचे दार आणि फिनलंडची आकडेवारी एकाच दिशेला बोट दाखवतात, तेव्हा हसून सोडून देणेही शहाणपणाचे नाही.

आणि दीडपट म्हणजे काय, तेही नीट पाहिले पाहिजे. लहान आकड्याची दीडपट लहानच राहते. उलट, गोळी अचानक सोडली तर जुना आजार उलटण्याचा धोका लहान नाही; तो आमच्या ओसरीवर येऊन बसलाच होता. त्या तीन आठवड्यांत वहिनींची झोप तुटली होती. सकाळी दूधवाला आला, तर त्याचे दूध आधी मांजराला पाजून पाहिले आणि मगच चुलीवर चढवले. ते दृश्य पाहिले आणि माझ्या पोटात गोळा आला. एका बाजूला पुढे कधीतरी, कदाचित. दुसऱ्या बाजूला आज, डोळ्यांदेखत.

या शोधात मला आणखी एक गोष्ट कळली आणि तिने माझे मत पुष्कळ सुधारले. मज्जासंस्थेवर चालणारी औषधे प्राण्यांत गाठी वाढवतातच असे नाही. काही त्या आवरतातही. पाटकऱ्याला बळ देणारी औषधे दिली, तेव्हा प्रयोगातल्या उंदरांच्या स्तनातल्या गाठी आक्रसल्या. डॉक्टरांना मोठी आशा वाटली. पण तसलेच ब्रोमोक्रिप्टीन हे औषध कर्करोग झालेल्या स्त्रियांना देऊन पाहिले, तेव्हा म्हणावा तसा गुण आला नाही. म्हणजे उंदराची भीती जशी माणसाला सरसकट लागू पडत नाही, तशी उंदराची आशाही पडत नाही. २००६ साली अमेरिकेत ह्यूस्टनच्या संशोधकांनी दाखवले, की उंदरांना रोज तासन्‌तास कोंडून ताण दिला, तर त्यांच्या अंडाशयातल्या कर्करोगाच्या गाठी वेगाने वाढतात, आणि प्रोप्रानोलॉल हे धडधड कमी करणारे औषध दिले की ती वाढ अडते. तेवढ्यावरून उद्या कोणी ही गोळी औषधाच्या दुकानातून आणून खाऊ लागेल, तर तोही वहिनींसारखीच चूक करील. फक्त उलट्या बाजूने.

मग प्राण्यांवरचे प्रयोग व्यर्थ का? मुळीच नाही. उंदीर प्रश्न विचारतो. उत्तर माणसांमध्येच, सावधपणे आणि पुष्कळ धीराने शोधावे लागते. याचे उत्तम उदाहरण आपल्या मुंबईतच घडले. दात काढताना बधिर करण्यासाठी जे टोचतात, त्या लिडोकेनचे काम मज्जातंतूंमधल्या सोडियमच्या वाटा बंद करण्याचे. तशाच वाटा कर्करोगाच्या पेशींवरही असतात. टाटा स्मारक रुग्णालयाचे डॉक्टर राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचार केला, की स्तनाची गाठ काढण्यापूर्वी काही मिनिटे तिच्याभोवती हे औषध टोचले तर? २०११ पासून देशातल्या अकरा रुग्णालयांत सुमारे सोळाशे स्त्रियांवर ही चाचणी झाली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा रीतीने निम्म्या जणींना औषध टोचले, निम्म्यांना नाही. २०२३ साली निष्कर्ष छापून आला. पाच वर्षांनी रोग न उलटता जगणाऱ्या स्त्रिया औषध न टोचलेल्यांत शेकडा ८२.६ होत्या, टोचलेल्यांत ८६.६, आणि एकूण हयात असलेल्या ८६.४ च्या जागी ९०.१. औषध जुने, स्वस्त, कोणत्याही तालुक्याच्या दवाखान्यात मिळणारे. पण ते खरे की खोटे ठरवायला बारा वर्षे आणि सोळाशे बायांचा विश्वास लागला. मोबाइलवरचा मजकूर पुढे पाठवायला एक बोट पुरते.

एवढे सारे मी वहिनींना सांगितले का? नाही. सांगितले ते थोडक्यात : “वहिनी, उंदरांना गाठी आल्या हे खरं. तुम्हांला येतीलच, हे खरं नाही. येणारच नाहीत, असंही मी म्हणत नाही. पण हा हिशेब आपण कणगीमागे बसून करायचा नाही; डॉक्टरांपुढे बसून करायचा.”

वहिनी बराच वेळ गप्प राहिल्या. मग पदर सावरीत म्हणाल्या, “चला मग. मी माणूस हाव का उंदीर, तेवढं इचारून घेऊ त्याला.”

दुसऱ्याच दिवशी नांदेडला गेलो. डॉक्टर रागावले नाहीत, याचे मला फार बरे वाटले. त्यांनी वहिनींच्या आईचा आजार विचारून घेतला. ही गोष्ट बारा वर्षांत आमच्यापैकी कोणी त्यांना सांगितलीच नव्हती. रक्तातले प्रोलॅक्टिन तपासायला सांगितले. ते वाढलेले निघाले. स्तनांची तपासणी करून घेतली. तिथे काही नव्हते. मग त्यांनी आधी जुनी गोळी पुन्हा सुरू केली, आणि तिच्या जोडीने हळूहळू दुसरी चढवत नेली. एरिपिप्राझोल, जी माणसांत सहसा प्रोलॅक्टिन वाढवत नाही. “ही सोसली तर जुनी उतरवू. पण मला विचारल्याशिवाय एकही दिवस खाडा नको,” एवढीच त्यांची अट. दर वर्षी तपासणी करायची, हेही ठरले.

परतीच्या गाडीत पुतणीने सवयीने नव्या गोळीचेही माहितीपत्रक उघडले आणि एकदम हसू लागली. तिथेही तेच! या औषधानेही मादी उंदरांना स्तनाच्या आणि पीयूषिकेच्या गाठी आल्या होत्या. कारण माणसात न वाढणारे प्रोलॅक्टिन उंदरांच्या मादीत मात्र त्याने वाढते. मी तिला डोळ्यांनी दटावले, पण वहिनींनी ऐकलेच.

“आता गं काय? यातबी उंदरं हायेत का?”

पुतणीने लपवले नाही. समजावून सांगितले, पाटकऱ्याच्याच भाषेत. वहिनी खिडकीबाहेरच्या केळीच्या बागांकडे पाहत ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, “म्हंजे त्याह्यचा कालवा येगळा, आपला येगळा.”

मराठीचा मास्तर म्हणून सांगतो, एवढ्या मोठ्या विषयाचा यापेक्षा नेटका सारांश मला लिहिता आला नसता.

परवा भावांचा फोन आला. वहिनी रात्री झोपतात. अनारशांचे पीठ भिजत घातले आहे. कणगीमागची पाकिटे काढून त्यांनी देवळीत ठेवली आहेत, आणि शेजारी कॅलेंडरवर रोज रात्री गोळी घेतली, की स्वतःच्या हाताने एक रेघ ओढतात. वाचकहो, आपल्याही घरात अशी एखादी रोजची गोळी असेल आणि तिच्याविषयी एखादा मजकूर फिरत फिरत आपल्या हाती येईल. तो खोटा आहे असे समजून फेकू नका; खरा आहे असे समजून गोळीही फेकू नका. तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा आणि वहिनींसारखा सरळ प्रश्न विचारा.